फी माफ, अभ्यास नाही

फौजेतून सुटून आलो तेव्हा गावानं माझी उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. आमच्याकडं आता ती पद्धतच पडलीय. जवान रिटायर झाला की वेशीपासून डीजे, तिरंगा, पोरांचा नाच, देवळापुढं सत्कार आणि मग सगळ्या गावाला जेवण. मी सुटलो हवालदार म्हणून, पण फ्लेक्सवर छापलं होतं ‘मेजर’. त्याला आमच्याकडं कुणी चूक म्हणत नाही. नगर जिल्ह्यात फौजेची वर्दी एकदा अंगावर चढली की माणूस मेजर. तो तिथं रोट्या भाजत असो नाहीतर ट्रक चालवत असो, गावात आला की मेजर. माझ्या बायकोला तर हे लईच आवडलं. तेव्हापासून मला चिडवायचं असलं की म्हणते, ‘मेजर, जरा म्हशीपुढं वैरण टाका.’

मिरवणुकीचा गुलाल धुऊन होतो न होतो तोच सल्ले सुरू झाले. एक म्हणाला बँकेत गार्ड व्हा, दुसरा म्हणाला शुगर फॅक्टरीच्या गेटवर फौजीच लागतात. तिसऱ्यानं सरकारी नोकरीचा रस्ता दाखवला. आमच्यासारख्या पंधरा वर्षांच्या वर नोकरी झालेल्यांना पदवीच्या तोडीचं म्हणून एक सर्टिफिकेट मिळतं, काही सरकारी जागांना ते चालतं. ते माझ्याजवळ होतं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणालो, ‘मी कॉलेजला जाणार. बी.ए., भूगोल.’

लोक हसले. पदवीचा कागद हातात असताना हा बाबा पदवी घ्यायला निघालाय! आता मला एक वाईट सवय आहे. कुणी हसलं की माझं डोकं सणकतं, आणि सणकलं की मी ते काम करूनच दाखवतो. पण हे काही नुसतं डोकं सणकलं म्हणून ठरवलेलं नव्हतं. त्याचं कारण जुनं होतं.

वीस वर्षं मी हा देश बघितला. राजस्थानात वाळूची टेकडी आज इथं तर पुढच्या महिन्यात तिथं. आसामात नदी एका पावसाळ्यात अख्खं शेत गिळते आणि तेवढीच माती पलीकडच्या काठाला नेऊन टाकते. लडाखला तर बर्फाच्या नदीच्या तोंडाशी तंबू ठोकून राहिलो. हे असं का होतं, असं कुणाला विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘तू तुझी ड्यूटी कर.’ बरोबरच आहे, तिथं मी ड्यूटीलाच गेलो होतो. पण डोक्यात प्रश्न साठत गेले. बारावी झाल्या झाल्या भरती झालो, त्यामुळं कॉलेज बाहेरूनच बघितलेलं. मला एकदा बाकावर बसून, शिकवणाऱ्याकडं तोंड करून, हे सगळं नीट समजून घ्यायचं होतं. एवढीच काय ती हौस होती.

माजी सैनिकाला कॉलेजात फी माफ असते हे मला माहीत होतं. त्याच्या दाखल्यासाठी मी नगरला सैनिकांच्या कार्यालयात गेलो. टेबलामागं बसलेले साहेब स्वतः फौजीच. त्यांनी न बघताच विचारलं, ‘मुलाचं ॲडमिशन की मुलीचं?’

‘माझंच.’

तेव्हा त्यांनी मान वर केली. म्हणाले, ‘पोरांसाठी रोज येतात. बायकोसाठीसुद्धा येतो एखादा. स्वतःसाठी आलेला माणूस लई दिवसांनी बघतोय.’ मग चहा मागवला, पाठीवर थाप मारली आणि दारापर्यंत सोडायला आले. येताना एसटीत मी खिडकीशी बसून एकटाच हसत होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं दोनदा वळून बघितलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

पण गंमत पुढंच आहे.

आमचं तालुक्याचं कॉलेज सरकारी अनुदानावर चालतं. इमारत बैठी, आवारात लिंबाची झाडं, मागं सायकलींचा आणि मोटरसायकलींचा गोंधळ. पहिल्या दिवशी मी वेळेच्या आधीच जाऊन मधल्या रांगेत बाक धरला. तास सुरू व्हायच्या आत शिपाईमामा एक खुर्ची घेऊन आले. हातांची खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल. ती त्यांनी फळ्याच्या बाजूला, सरांच्या टेबलाशेजारी मांडली आणि मला म्हणाले, ‘मेजर, तुमी इकडं या. प्राचार्यसाहेबांनी सांगितलंय.’

‘अहो मामा, मी शिकायला आलोय.’

‘व्हय की. पन बाकावर कसं बसवायचं तुमाला? बरं दिसतं का ते!’

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. मी जाऊन खुर्चीवर बसलो. तोंड पोरांकडं, पाठ फळ्याकडं. सर फळ्यावर काढत ते बघायला मला मान मोडेपर्यंत वळावं लागे, आणि वही मांडीवर ठेवून लिहायचं. समोर साठ पोरंपोरी, आणि मी त्यांच्यापुढं एखाद्या हळदीकुंकवाच्या पाहुणीसारखा सजून बसलेला. च्यायला, सीमेवर इतका अवघडलो नव्हतो.

आमचे भूगोलाचे सर पस्तिशीच्या आतले. माणूस गोड, शिकवायचे मन लावून. पण मला काही विचारायची वेळ आली की त्यांची जीभ जड व्हायची. सगळ्यांना अरे-तुरे आणि मला ‘मेजर, आपल्याला जमलं तर सांगा.’ जमलं तर! हजेरीला माझं नाव आलं की वर्गातली दोन-चार पोरं चुळबुळत उठून उभी राहत. पंधरा ऑगस्टला मी पोरांच्या रांगेत उभा होतो, तर मला हात धरून स्टेजवर नेलं, शाल दिली, नारळ दिला. शिक्षक दिनाला परत शाल, परत नारळ. बायको म्हणाली, ‘भूगोल शिकताय का शाली गोळा करताय? आता एखादं दुकान टाकू.’

मी म्हटलं, हे मोडलं पाहिजे. मग मी ठरवून उशिरा गेलो. आता वीस वर्षं ज्या शरीराला बिगुलाची सवय त्याला उशीर करायला लावणं म्हणजे हाल. कॉलेजसमोरच्या टपरीवर बसलो, घड्याळाकडं बघत, पाय आपोआप उठायला बघतायत. तास सुरू झाल्यावर बऱ्याच वेळानं दारात जाऊन उभा राहिलो. वाटलं, आता सर ओरडतील. सरांनी शिकवणं थांबवलं. अख्खा वर्ग उभा राहिला. सर म्हणाले, ‘या मेजर, या. गाडी उशिरा आली का?’ आणि मागचं सगळं माझ्यासाठी पहिल्यापासून शिकवलं. पोरं माझ्याकडं खाऊ का गिळू असं बघत होती. त्या दिवशी मी इतका चिडलो की घरी येऊन म्हशीवरच ओरडलो.

मग चाचणी परीक्षा आली. वीस मार्कांचा पेपर, आणि मोठा प्रश्न एकच, ‘हिमनदीच्या संचयन कार्यामुळे तयार होणारी भूरूपे स्पष्ट करा.’ मी म्हटलं, आयला! हा तर आपल्या घरचा पेपर! बाकीचे पेन चावत होते आणि मी सुटलो. बर्फावर एकमेकांना दोर कसा बांधायचा, काठीनं टोचून बघितल्याशिवाय पाऊल का टाकायचं नाही, स्टोव्ह पेटायला किती तरसवतो, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तरी डाळ कशी दगडासारखी राहते, माझा गढवाली जोडीदार थंडीत गाणी म्हणून आम्हाला जागं कसं ठेवायचा, सगळं लिहिलं. पुरवण्या मागून घेतल्या. बाहेर पडलो तो छाती फुगवूनच.

आठवड्यानं सरांनी पेपर आणले आणि माझं उत्तर वर्गात मोठ्यानं वाचलं. वाचता वाचता त्यांचा आवाज बसला. एका मुलीनं ओढणीनं डोळे पुसले. टाळ्या पडल्या. वीसपैकी वीस. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. वाटलं, चला, शाल नाही, नारळ नाही, ही खरी कमाई.

त्या दिवशी स्टँडवर आमच्या गावावरून जाणारी शेवगावची एसटी लागायची वाट बघत होतो. पहिल्या बाकावर बसणारी एक पोरगी माझ्याजवळ आली. आई-बाप दोघं ऊसतोडीला जाणारे, ही मामाकडं राहून शिकते. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न हीच विचारते. तिला वीसपैकी अकरा मिळाले होते.

‘काका, रागवनार न्हाई ना?’

‘रागवायला काय झालं? बोल.’

‘तुमी लिवलंय लई भारी. माज्या बी डोळ्यात पानी आलं. पन ते उत्तर न्हाई.’

माझं डोकं सणकलं. ‘उत्तर न्हाई म्हंजे? अगं, मी तिथं व्हतो! तू बर्फ बघितलास तो रसवंतीवर.’

पोरगी जरासुद्धा घाबरली नाही. उलट पिशवी खांद्यावर नीट करून समोर उभी राहिली. ‘व्हय, तुमी तिथं व्हता. मग सांगा, हिमोढ कशाला म्हनत्यात?’

शब्द ऐकल्यासारखा वाटत होता, पण फळा पाठीमागं आणि मी पुढं तोंड करून बसणारा, त्यावरचं बघणार तरी किती?

तिनं स्टँडच्या कट्ट्यावर बसून बोटानं धुळीत आकृती काढली. म्हणाली, बर्फाची नदी सरकते तेव्हा डोंगराचे दगड, गोटे, माती सगळं ओढत आणते. खाली जिथं बर्फ वितळतो तिथं ते ओझं टाकून देते. त्याचा लांबलचक बांध तयार होतो. त्याला हिमोढ म्हणायचं.

मी त्या धुळीतल्या रेघेकडं बघत राहिलो. लडाखला आमचे तंबू अशाच एका दगडांच्या बांधाच्या आडोशाला होते. वाऱ्यापासून त्यानंच आम्हाला वाचवलं. आम्ही रोज वाद घालायचो, एवढे दगड इथं आणून टाकले कुणी? कुणी म्हणायचं आपल्या इंजिनियरांनी, कुणी म्हणायचं जुन्या राजानं भिंत घातली असंल. गढवाली म्हणायचा, देवानं.

‘अगं ए!’ मी ओरडलो. ‘मी त्याच्या आडोशाला झोपलोय! अख्खा हिवाळा! हिमोढाच्या कुशीत!’

स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. पोरगी तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मी मग विचारतच सुटलो. त्या बांधाखाली पाणी कुठून यायचं, त्यातले दगड काही गोल आणि काही टोकदार का, तंबूंसमोरची गुळगुळीत टेकडी कासवाच्या पाठीसारखी का होती. तिला येत होतं ते तिनं सांगितलं, नव्हतं ते ‘सरांना विचारू’ म्हणाली. एसटी आली, भरली, निघून गेली, आम्हाला पत्ता नाही. इतका आनंद मला बढती मिळाली तेव्हासुद्धा झाला नव्हता. इतक्या वर्षांपूर्वीच्या दगडांचं नाव मला त्या दिवशी कळलं होतं.

मग एकदम दुसरं लक्षात आलं. ‘मग सरांनी मला वीस कशाबद्दल दिले?’

ती म्हणाली, ‘मेजर म्हनून.’

दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. सर उठायला लागले, मी म्हटलं, ‘बसा सर. मार्क कमी करा माझे.’

‘अहो मेजर, कसे कमी करू? तुम्ही तिथं होता. पुस्तकात काय असणार त्याच्यापेक्षा?’

‘सर, तुमी विचारलं हिमनदी काय करती. मी लिहिलं मी काय केलं. पोरीला कळलं, तुमाला कळलं नसंल का?’

सर गोरेमोरे झाले. खाली बघत म्हणाले, ‘देशासाठी एवढं केलंत तुम्ही. आम्ही काय, चार मार्क दिले म्हणून…’

आता माझा आवाज चढला. चढला तो चढलाच, बाकीच्या मॅडम-सरांनी माना वर केल्या. ‘सर, सरकारनं माझी फी माफ केली. अभ्यास माफ केलेला न्हाई! आणि पदवीच्या तोडीचा कागद माझ्याकडं हाय की घरी. तसलाच दुसरा घ्यायचा असता तर मी रोज एसटीनं कशाला आलो असतो? मला शिकायचंय. मला चुकलं तर चुकलं म्हना. तुमी म्हनला न्हाई तर मला कळायचं कधी?’

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं, वीसवर काट मारली आणि शेजारी तीन लिहिले.

‘हे तीन तरी कशाचे?’ मी विचारलं.

‘बर्फ वितळतो असं तुम्ही एका ठिकाणी लिहिलंय,’ सर म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसायला लागलो.

तसाच वर्गात गेलो आणि टॉवेलासकट ती खुर्ची डोक्यावर घेऊन प्राचार्यांच्या खोलीकडं निघालो. शिपाईमामा मागून पळत, ‘आवं मेजर, मला बोलनी बसतील!’ प्राचार्य दचकून उभे राहिले. म्हणाले, ‘अहो, लोक काय म्हणतील? माजी सैनिकाला मागच्या बाकावर बसवलं म्हणतील.’

‘जो म्हनल त्याला माझ्याकडं पाठवा,’ मी म्हणालो आणि खुर्ची त्यांच्या टेबलापुढं ठेवून आलो.

वर्गात येऊन बसलो तर बाकात गुडघे मावत नव्हते. शेजारची पोरं सरकली, एकानं दप्तर खाली घेतलं. बाकावर कुणीतरी करकटकानं बदाम कोरून ठेवला होता, त्यावर मी वही ठेवली. समोर फळा. नुसता फळा, सरळ, मान न वळवता. मी खुशीत मांडी हलवायला लागलो तर पुढची पोरं बाक हलतोय म्हणून ओरडली.

सर आले. म्हणाले, ‘चाचणीत सातच्या खाली मार्क आहेत त्यांनी उभं राहायचं.’ मागच्या बाकावरची तीन पोरं सवयीनं उभी राहिली. मी उभा राहिलो. वर्गात कुजबुज सुरू झाली.

‘काल वाचून यायला सांगितलं होतं. ड्रमलिन म्हणजे काय?’

पहिल्या पोराला येत नव्हतं. ‘बाहेर.’ दुसऱ्याला येत नव्हतं. ‘बाहेर.’ तिसरा न विचारताच निघाला. मग सरांची नजर माझ्यावर आली. हिमोढाच्या आनंदात मी पुढचं पान उघडलंच नव्हतं.

‘नाही येत, सर.’

सरांनी खडू या हातातून त्या हातात घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता. माझ्या मनात एकच, आता मागं हटू नका, तुम्हाला तुमच्या पोराबाळांची शपथ, हटू नका. पहिल्या बाकावरची पोरगी मागं वळून माझ्याकडं आणि सरांकडं आळीपाळीनं बघत होती.

‘तुम्ही पण,’ सर म्हणाले. आवाज जरा कापला, मग त्यांनी घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाले, ‘काय बघताय? बाहेर व्हा! आणि उद्या वाचून या.’

‘हो सर,’ मी म्हणालो. वही उचलली आणि बाहेर गेलो.

व्हरांड्यात ती तिघं भिंतीला टेकून उभी होती. मला बघून ताठ झाली, मग एकानं खिशातल्या शेंगा पुढं केल्या. दुसरा म्हणाला, ‘मेजर, तिकडं उन्हात नका थांबू, या खिडकीपाशी या. इथून फळा दिसतो.’ त्यांना बाहेरची सगळी माहिती होती, कुठून ऐकू येतं, प्राचार्य कुठून येतात. मी त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. आतून सर आले, काही न बोलता खिडकीची दोन्ही दारं उघडली आणि फळ्याच्या आमच्या बाजूच्या कोपऱ्यात, मोठ्या आकारात ड्रमलिनची आकृती काढायला लागले. कासवाच्या पाठीसारखी टेकडी! मी शेजारच्या पोराच्या पाठीत इतक्या जोरात धपाटा घातला की त्याच्या शेंगा सांडल्या. तास संपेपर्यंत आम्ही चौघं खिडकीच्या गजांना धरून लिहून घेत होतो.

तास सुटल्यावर बायकोला फोन लावला. ती वैरण कापत होती, शेजारीण बरोबर होती, मागं दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

‘काय वो, आज मधीच फोन?’

‘अगं, आज सरांनी मला वर्गाबाहेर काढलं.’

‘काय म्हनता?’

‘अभ्यास केला न्हाई म्हनून. सगळ्यांच्या देखत. बाहेर व्हा म्हनले.’

ती हसली, आणि फोन बंद न करताच शेजारणीला ओरडून सांगायला लागली, ‘आगं ऐकलंस का, आमच्या ह्यांना आज सरांनी वर्गाभाईर काढलं!’ पोरगं पहिला नंबर घेऊन आल्यावर बाया ज्या आवाजात गल्लीला सांगतात, त्या आवाजात.